नोकरीची पत्रपेटी : पार्सल, गोदाम आणि क्लाउड

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की पार्सल डिलिव्हरी, लॉजिस्टिक्स (म्हणजे मालाची साठवण आणि ने-आण) आणि क्लाउड (म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने वापरायचे सर्व्हर) या तिन्हीकडच्या नोकरीच्या जाहिराती वाचताना जे छापलंय त्यापेक्षा जे छापलेलं नाही ते बघा, आणि त्यावर एवढी पत्रं आली की बाकीचे विषय बाजूला ठेवून हा अख्खा अंक यालाच दिला. मी स्वतः सॉर्टिंग हबच्या, म्हणजे पार्सलं गावांप्रमाणे वेगळी करायच्या केंद्राच्या, रात्रपाळीत खोकी फेकत सुरुवात केली (म्हणजे नियमाप्रमाणे हळूच ठेवत, पण तुम्हाला कळलं), मग डिस्पॅचला, म्हणजे गाड्या कुठे पाठवायच्या ते बघायला, बसले आणि गेली बरीच वर्षं सर्व्हर सांभाळणाऱ्या टीममध्ये आहे. त्यामुळे माझी मतं जरा एका बाजूची असतील, सांभाळून घ्या. पत्रं लांब होती ती कापलीत, नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

ताई, ‘डिलिव्हरी पार्टनर व्हा, स्वतःच्या वेळेत काम, हवी तेवढी कमाई’ अशी जाहिरात बघितली. माझ्याकडे दुचाकी आहे, सध्या काही काम नाही. जाऊ का?

जा, पण ‘पार्टनर’ शब्द दिसला की पहिला प्रश्न हाच विचारायचा की मी कर्मचारी आहे का कंत्राटावर, कारण सुट्टी, आजारपण, अपघात झाला तर दवाखान्याचं कोण बघणार हे सगळं त्यावरून ठरतं. कंत्राट वाईटच असतं असं नाही हं, कॉलेज सांभाळून संध्याकाळी चार तास काम करणाऱ्याला ते सोयीचंच पडतं, पण मग गाडी, पेट्रोल, टायर, सर्व्हिसिंग, मोबाईलचा डेटा हे सगळं तुमच्या खिशातून, आणि जाहिरातीतल्या कमाईतून ते कुणी वजा करून दाखवत नाही.

हिशोब असा करा. पैसे पार्सलमागे आहेत का तासावर? पार्सलमागे असतील तर जे पार्सल पोचलंच नाही त्याचे मिळतात का? समजा सकाळी 80 खोकी उचलली, त्यात 12 घरं बंद निघाली आणि 3 पत्ते चुकीचे, म्हणजे 15 ठिकाणी तुम्ही गेलात, बेल वाजवली, फोन लावला, वाट बघितली आणि हाती काही नाही, वर संध्याकाळी ती 15 परत हबवर नेऊन एकेक स्कॅन करून जमा करायची. सकाळी लोडिंगसाठी रांगेत उभं राहायचा तास धरतात का? शेवटच्या पत्त्यावरून रिकामं परत यायचे किलोमीटर धरतात का? खर्च वजा जाता उरलेले पैसे भागिले घरातून निघाल्यापासून घरी येईपर्यंतचे तास, हा तुमचा खरा दर, आणि तो काढायला तुम्हाला जाहिरातीची गरजच नाही, सकाळी हबच्या गेटवर उभ्या असलेल्या दोन पोरांना विचारा, दहा मिनिटांत सगळं सांगतील, न विचारलेलं पण सांगतील.

आणखी एक, गाडीच्या विम्याची पॉलिसी नीट वाचा. स्वतःच्या वापरासाठी घेतलेल्या विम्यात पैसे घेऊन केलेली डिलिव्हरी बऱ्याचदा बसत नाही आणि हे कळतं ते क्लेम नाकारल्यावर. विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्या.

रूट कोण ठरवणार हेही विचारा. गंमत बघा, नुसते 10 पत्ते असले तरी ते कुठल्या क्रमाने करायचे याचे 36,28,800 प्रकार होतात, त्यामुळे हे काम ॲपच करतं आणि बहुतेक वेळा माणसापेक्षा बरं करतं. यूपीएस या अमेरिकी पार्सल कंपनीने तर जिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने गाड्या चालतात तिथे डावीकडचं वळण शक्यतो टाळायचं असे रूट आखले, कारण समोरून येणाऱ्या गाड्या जाईपर्यंत थांबण्यात वेळ आणि इंधन दोन्ही जातं. पण ॲपला बिल्डिंगची लिफ्ट बंद आहे हे कळत नाही, ते तुम्हाला कळतं. म्हणून विचारायचं, मी क्रम बदलला तर चालतो का रेटिंग कापतात? ज्यांच्याकडे याचं सरळ उत्तर मिळतं तिथे जा.

घरबसल्या ‘पार्सल क्वालिटी इन्स्पेक्टर’. घरी पार्सल येणार, उघडून फोटो काढायचा, नवीन लेबल लावून दुसऱ्या पत्त्यावर पाठवायचं. इंटरव्ह्यू चॅटवरच झाला, लगेच सिलेक्शन. पगार महिन्याने.

नका करू. जगात कुठलीही कंपनी आपला माल अनोळखी माणसाच्या घरी तपासायला पाठवत नाही. हा जुना डाव आहे, चोरलेल्या कार्डवर वस्तू मागवायच्या, त्या तुमच्या पत्त्यावर उतरवायच्या आणि तुमच्या हातून पुढे पाठवायच्या म्हणजे पोलीस आले की कागदावर नाव तुमचं. महिन्याचा पगार येतच नाही, त्याच्या आधी तो चॅट गायब होतो. एखादं पार्सल आलं असेल तर पुढे पाठवू नका, चॅट डिलीट करू नका आणि स्वतःहून पोलिसांत जा. नोकरी द्यायच्या आधी किट, ट्रेनिंग, डिपॉझिट, कशाच्याही नावाने पैसे मागणारे पण याच घराण्यातले.

सहा वर्षं घरी होते, त्याआधी एका ऑफिसात अकाउंट्स बघायचे. आता लॉजिस्टिक्समध्ये बऱ्याच जागा दिसतात पण डिस्पॅच कोऑर्डिनेटर, इन्व्हेंटरी एक्झिक्युटिव्ह, डॉक्युमेंटेशन असिस्टंट यातलं काय काय असतं तेच कळत नाही. मला वजन उचलायला जमणार नाही.

लॉजिस्टिक्स म्हटलं की लोकांना ट्रक दिसतो, पण त्यातलं निम्मं काम कागदाचं नाहीतर स्क्रीनचं आहे आणि तिथे अकाउंट्सवाल्या माणसाला मागणी असते, कारण दोन आकडे जुळले नाहीत की त्याला झोप येत नाही.

डिस्पॅच सोडा असं मी म्हणेन. दिवसभर फोन कानाला, एक ड्रायव्हर अडकलाय, दुसरा उचलत नाही, कस्टमर ओरडतोय, आणि हे सगळं एकाच वेळी. काहींना त्यात मजा येते, मला यायची, पण सहा वर्षांनी परत येताना पहिलीच उडी तिथे नको.

इन्व्हेंटरी, म्हणजे गोदामातल्या मालाचा हिशोब, तुमच्यासाठी आहे. सिस्टीम म्हणते 40 नग, रॅकवर 37, तर 3 गेले कुठे? नव्वद टक्के वेळा चोरी नसते (हा आकडा माझ्या अंदाजाचा, कुठे छापलेला शोधू नका). शेजारच्या खणात ठेवलेले असतात, किंवा परत आलेला माल रॅकवर लावला पण सिस्टीममध्ये चढवला नाही, किंवा कुणीतरी डझनाच्या खोक्याला एक नग धरलं. पूर्वी वर्षातून एकदा गोदाम बंद करून सगळं मोजायचे, आता बऱ्याच ठिकाणी रोज थोडंथोडं मोजतात, त्याला सायकल काउंट म्हणतात, आणि जास्त किमतीचा किंवा जास्त फिरणारा माल जास्त वेळा मोजतात. इंटरव्ह्यूत तुम्हाला हाच 40 आणि 37 चा प्रश्न येणार, आणि तुम्ही बँक रिकन्सिलिएशन (आपली वही आणि बँकेचं स्टेटमेंट जुळवणं) कसं करायचात ते सांगितलंत तरी समोरच्याला पटेल, कारण काम तेच आहे. एक्सेलमध्ये व्हीलूकअप (एका यादीतलं दुसरीत शोधणं) आणि पिव्होट (मोठ्या यादीचा गोषवारा) हात बसेपर्यंत करा, बाकी त्यांचं सॉफ्टवेअर ते शिकवतात.

डॉक्युमेंटेशन, म्हणजे मालाची कागदपत्रं, हे त्याहून शांत पण चूक महाग. आंतरराष्ट्रीय माल असेल तर इनकोटर्म्स (खर्च आणि जोखीम विकणाऱ्याची कुठवर आणि घेणाऱ्याची कुठून ते ठरवणारे नियम) वाचून जा, 2020 च्या आवृत्तीत अकराच आहेत, एका रविवारी होतात. लोक कुठे फसतात सांगू? सीआयएफ या नियमात भाडं आणि विमा विकणारा भरतो म्हणून वाटतं की माल पोचेपर्यंत जोखीम पण त्याचीच, तर तसं नाही, माल जहाजावर चढला की जोखीम माल विकत घेणाऱ्याकडे जाते, एफओबी या दुसऱ्या नियमासारखीच. हे एक वाक्य इंटरव्ह्यूत नीट सांगता आलं तर समोरचा सरळ बसतो. एचएस कोड, म्हणजे कस्टम्ससाठी मालाच्या प्रकाराचा नंबर, त्याचे पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे प्रत्येक देशाचे आपापले, हेही लक्षात असू द्या. आणि व्हॉल्युमेट्रिक वजन, म्हणजे खोकं हलकं पण जागा खाणारं असेल तर जागेचे पैसे लावायचे. एअर कुरियरमध्ये साधारण लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये आणि भागिले 5000. 60 गुणिले 50 गुणिले 40 चं उशांचं खोकं काट्यावर 6 किलो भरलं तरी बिल 24 किलोचं बनतं, आणि मग कस्टमरचा फोन येतो की तुम्ही लुबाडता, तो फोन पण डॉक्युमेंटेशनवालीच घेते.

सहा वर्षांच्या गॅपबद्दल बायोडेटात एक ओळ पुरे, घरच्या जबाबदारीमुळे थांबले, आता पूर्णवेळ उपलब्ध. परिच्छेद लिहून माफी मागू नका. आणि वजनाचं स्वतःच विचारा, कारण ‘एक्झिक्युटिव्ह’ लिहून सीझनमध्ये सगळ्यांना पॅकिंगला उभं करणारी गोदामं मी पाहिलीत.

क्लाउडचा कोर्स केला, दोन सर्टिफिकेट आहेत, तीन महिन्यांत शंभरेक ठिकाणी अर्ज केले, एकही फोन नाही. कोर्सवाले म्हणाले होते की खूप डिमांड आहे. ताई मी काय चुकतोय?

डिमांड आहे रे, पण ती अनुभवी माणसाची, आणि कोर्सवाल्याने ते अर्धं वाक्य गिळलं. तुझं सर्टिफिकेट खोटं नाही, समज एडब्ल्यूएसची (ॲमेझॉनच्या क्लाउडची) सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट, 130 मिनिटांत 65 प्रश्न आणि 1000 पैकी 720 लागतात, ती काय अशीच पास होत नाही. पण ते पास झालेले ढिगाने आहेत, आणि तीन वर्षांनी ते एक्स्पायर होतं हेपण लक्षात ठेव. सर्टिफिकेट बघून मला एवढंच कळतं की तुला शब्द माहितीयेत. रात्री दोनला साइट बंद पडली तर तू काय करशील ते त्यावरून कळत नाही, आणि मला नेमकं तेच हवं असतं.

मी इंटरव्ह्यू घेते तेव्हा एक साधा प्रश्न विचारते. सर्व्हर चालू आहे पण तुला लॉगिन करता येत नाहीये, कसं शोधशील? जो पोरगा लगेच ‘रीस्टार्ट करीन’ म्हणतो तिथे माझं मन निम्मं उठतं. मला ऐकायचं असतं की तो आधी एरर वाचतो. नुसतं लटकून शेवटी टाइमआऊट आला तर तुझं पॅकेट बहुतेक वाटेतच कुणीतरी गिळलंय, म्हणजे सिक्युरिटी ग्रुप (कुणाला आत सोडायचं ते नियम), राउट टेबल (पॅकेटने कुठून जायचं ती यादी), पब्लिक आयपी (मशीनचा बाहेरून दिसणारा पत्ता) आहे का नाही, इकडे बघ. लगेच ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर बहुतेक मशीनपर्यंत पोचलास, पण 22 नंबरच्या पोर्टवर, म्हणजे लॉगिनच्या दारावर, कुणी ऐकायलाच बसलेलं नाही. पार्सलच्या भाषेत सांगायचं तर पहिल्यात खोकं रस्त्यात हरवलं, दुसऱ्यात घरापर्यंत गेलं पण दार उघडायला कुणी नाही. दोन्हीचे उपाय वेगळे, आणि हा फरक व्हिडिओ बघून कळत नाही, स्वतः फसल्यावर कळतो.

म्हणून आता एक छोटी गोष्ट बांध आणि मुद्दाम मोड. एक साधी वेबसाइट, मागे डेटाबेस, पुढे लोड बॅलन्सर (येणारी गर्दी सर्व्हरमध्ये वाटून देणारा), बस. मग डेटाबेसचा पासवर्ड बदल, डिस्क भरून टाक, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी नोंद) चुकीचं कर, आणि प्रत्येक वेळी काय दिसलं, आधी काय वाटलं, खरं काय निघालं ते साध्या भाषेत लिहून ठेव. ते लिखाण बायोडेटात सर्टिफिकेटच्या वर टाक. सुरू करायच्या आधी बिलाचा अलार्म लाव आणि झोपायच्या आधी सगळं पाडून टाक, नाहीतर चालू राहिलेल्या एका मशीनचं बिल बघून घरचे क्लाउडचं नाव काढू देणार नाहीत. आणि ॲक्सेस की, म्हणजे तुझ्या खात्याची किल्ली, चुकूनसुद्धा पब्लिक रिपॉझिटरीत (सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात) टाकू नको, असल्या किल्ल्या हुडकत फिरणारे बॉट असतात, ते काही मिनिटांत उचलतात.

अर्ज कुठे करतोस तेही बघ. ‘क्लाउड इंजिनियर’ शोधत बसलास तर समोर पाच वर्षांचा अनुभवच दिसणार. टेक्निकल सपोर्ट, एनओसी (नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवणारी खोली), लिनक्स ॲडमिन (लिनक्सवर चालणारे सर्व्हर सांभाळणारा) यांच्या जागा बघ, आणि एक जागा कुणी बघतच नाही ती म्हणजे डेटा सेंटर टेक्निशियन. क्लाउड आभाळात नसतो बाबा, कुठल्यातरी थंड मोठ्या हॉलमध्ये रॅकवर असतो आणि तिथे डिस्क बदलायला, केबल ओढायला, खराब मशीन काढून नवीन बसवायला माणूसच लागतो. तिथे दोन वर्षं काढलेला पोरगा नेटवर्क असं शिकतो की पुढे त्याला कुणी फसवू शकत नाही.

शेवटी जाहिरातीतलं एक वाचायला शिक. ‘99.99 टक्के अपटाइम’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ वर्षभरात जेमतेम 52 मिनिटं बंद चालेल, 99.9 असेल तर पावणेनऊ तास. मग विचार, ऑन-कॉल (काही बिघडलं की रात्रीबेरात्री फोन घ्यायची पाळी) किती जणांत वाटलाय, आठवड्यात सरासरी किती वेळा फोन वाजतो, रात्री जागलो तर सकाळी उशिरा यायची मुभा आहे का. तिघांच्या टीममध्ये चार नऊ, म्हणजे ते 99.99, सांभाळायचे असतील तर त्यांना माणूस कशाला हवाय ते तुझं तूच समजून घे.

आठ वर्षं वेअरहाऊसमध्ये आहे, पिकिंगपासून (ऑर्डरचा माल रॅकवरून काढण्यापासून) सुरुवात, आता शिफ्ट लीड. रोबो येतायत असं सारखं ऐकतो. टेककडे वळावं म्हणतो पण मी कॉम्प्युटरचा शिकलेला नाही. उशीर झाला का?

रोबोंचं आधी. ॲमेझॉनने किवा नावाची रोबोवाली कंपनी 2012 सालीच विकत घेतली, म्हणजे ‘येतायत’ वगैरे नाही, येऊन जुने झाले. ते काय करतात तर रॅकच उचलून माणसासमोर आणतात, म्हणजे चालणं कमी झालं. पण वेगवेगळ्या आकाराच्या वस्तू खणातून उचलायला हात अजून लागतोच. ज्याचं काम नुसतं चालणं आणि स्कॅन करणं एवढंच आहे त्याने काळजी करावी, तुम्ही शिफ्ट लीड आहात, बेल्ट अडकला की सगळे तुमच्याकडे बघतात.

आता टेकचं. तुम्हाला वाटतंय तुम्हाला काही येत नाही, पण क्लाउडवाल्यांनी निम्मे शब्द तुमच्याच धंद्यातून उचललेत. माल्कम मॅक्लीन या अमेरिकी ट्रकवाल्याने 1956 च्या एप्रिलमध्ये आयडियल एक्स नावाच्या जहाजावरून 58 कंटेनर नेले, डोकं एवढंच लावलं की आत काय आहे ते बंदरावरच्या क्रेनला कळायची गरज नाही, पेटी एका मापाची हवी. 2013 साली डॉकर आलं ते हेच, प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एका मापाच्या पेटीत, त्यांच्या लोगोतल्या व्हेलच्या पाठीवर कंटेनरच आहेत. मग त्या पेट्या कुठल्या मशीनवर ठेवायच्या ते बघणारं कुबरनेटीस 2014 मध्ये आलं, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ सुकाणू धरणारा. मेसेज क्यू, म्हणजे एका प्रोग्रॅमचे निरोप दुसऱ्यासाठी रांगेत थांबतात ती जागा, हा तुमचा कन्व्हेयर, आणि ज्याचं काहीच करता येत नाही ते मेसेज बाजूला काढतात त्या जागेला डेड लेटर क्यू म्हणतात, पत्ता न सापडलेली पत्रं पोस्टात बाजूला ठेवायचे तिथून आलेलं नाव. फारसा न लागणारा डेटा स्वस्त पण काढायला वेळ लागेल अशा ठिकाणी टाकतात, तुम्ही क्वचित फिरणारा माल मागच्या वरच्या रॅकवर टाकता तसा. नवीन पदवीधराला हे पाठ करावं लागतं, तुम्ही रोज बघता.

पण लगेच क्लाउडच्या मागे धावू नका. मधली पायरी घ्या, तुमच्याच गोदामात जे डब्ल्यूएमएस (गोदाम चालवायचं सॉफ्टवेअर) चालतं त्याचे जाणकार व्हा. नवीन व्हर्जन आलं की टेस्टिंगला नाव द्या, तक्रार आली की ‘सिस्टीम चालत नाही’ असं न लिहिता कुठल्या स्क्रीनवर, कुठल्या स्कॅननंतर, काय दिसलं असं लिहा. असं लिहिणारा माणूस सॉफ्टवेअर कंपन्यांना मिळत नाही हो, खरंच मिळत नाही. डब्ल्यूएमएस बनवणारे आणि बसवून देणारे लोक इम्प्लिमेंटेशन (सॉफ्टवेअर बसवून सुरू करून देणं) आणि सपोर्टला गोदाम पाहिलेला माणूस घेतात. त्याच्यासोबत एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) शिका, रोज अर्धा तास, सहा महिने, कारण सगळी उत्तरं शेवटी त्या टेबलांमध्येच असतात. उशीर वगैरे काही नाही. मी खोकी सोडून कीबोर्डला बसले तेव्हा मी कॉपी-पेस्टसुद्धा माऊसने करायचे.

रात्रपाळी नको आहे. या क्षेत्रात दिवसाची नोकरी मिळते का?

मिळते, पण रात्रपाळी का असते ते कळलं की शोधायला सोपं जाईल. फेडएक्स या अमेरिकी कुरियर कंपनीने 17 एप्रिल 1973 ला मेम्फिसहून काम सुरू केलं, 14 छोटी विमानं, 25 शहरांसाठी 186 पार्सलं, आणि पद्धत अशी की संध्याकाळपर्यंत गोळा केलेलं सगळं रात्री एका हबवर आणायचं, तिथे सॉर्ट करायचं आणि सकाळी पोचवायचं. ‘उद्या सकाळी घरी’ असं वचन दिलं की सॉर्टिंग रात्रीच होणार, त्याला इलाज नाही. म्हणून हबवरचं लोडिंग, सॉर्टिंग, लाइनहॉल म्हणजे लांबचे ट्रक, हे सोडून द्या. पिकअप, परत आलेल्या मालाची तपासणी, इन्व्हेंटरी, डॉक्युमेंटेशन, बिलिंग, विक्रेत्यांची नोंदणी ही कामं बहुतेक दिवसाची. क्लाउडमध्ये ज्या टीम वेगवेगळ्या देशांत बसतात आणि दिवस मावळला की काम पुढच्याकडे सोपवतात, तिथे रात्रीचे फोन कमी.

ऑफर हातात आली की ‘शिफ्ट : जनरल’ एवढ्यावर सही करू नका. शिफ्ट बदलते का, बदलली तर किती दिवस आधी कळवतात, आणि एक पाळी संपून दुसरी सुरू व्हायला मधे किती तास मिळतात, एवढं मेलवर विचारा. फोनवर ‘अहो तसं काही नसतं आपल्याकडे’ म्हणाले तर म्हणा, बरं, मग तेवढंच मेलवर टाका.